निळा हातमोजा

तोरुनने निळ्या रबरी हातमोज्यात माशांच्या कातरलेल्या कडा ठासून भरल्या. मोजा फुगला, पाची बोटं ताठ झाली. मग कॉड माशांच्या ओळीत, एका जाड माशाच्या आड तिने तो आडवा टाकला आणि यंत्राचा सरकता पट्टा सुरू केला.

पट्ट्याच्या पलीकडे, लाल बटणापाशी योरिद उभी होती. हा खोटा हात पात्यांपर्यंत पोचायच्या आत तिने बटण दाबायचं, एवढीच परीक्षा. आधी दोनदा तो कापला गेला होता. आजची तिसरी आणि शेवटची वेळ.

नवं यंत्र बेटावरच्या मासळीच्या कारखान्यात आलं तेव्हा मालक स्टाइनारने सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं होतं. "यंत्र आलं म्हणून मी कुणालाही घरी पाठवणार नाही," तो म्हणाला होता. "शिकवीन. कामाच्या वेळेत, पूर्ण पगारावर." बोलल्याप्रमाणे तो वागलाही. सुरीने मासे कापणाऱ्या बायकांतून तोरुनला त्याने शहरात शिकायला पाठवलं. परत येऊन तिने बाकीच्यांना शिकवलं. एकेक करून सगळ्या पास झाल्या. योरिद तेवढी मागे राहिली.

आज सकाळी कॉफी घेताना स्टाइनार तोरुनजवळ येऊन उभा राहिला होता.

"सरावात तिचं कधीच चुकत नाही म्हणतेस?"

"कधीच नाही."

"मग तू सांगशील ते खरं. मी काही आत येऊन बघत बसणार नाही." एवढं बोलून तो कपात बघत राहिला. माणूस चांगला होता.

मागच्या दोन्ही परीक्षांना तोरुन नियमाप्रमाणे योरिदच्या पाठीमागे उभी राहिली होती. आज तिला धीर यावा म्हणून ती सरावात राहायची तशी समोर उभी होती. पट्टा सरकत होता, मासे एकामागून एक पात्यांकडे जात होते. तोरुनने मान वर केली आणि तिला दिसलं, की योरिद पट्ट्याकडे बघतच नाहीये.

ती तोरुनच्या तोंडाकडे बघत होती.

इतकी वर्षं दोघी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहून मासे साफ करत आल्या होत्या. घरी भांडण झालंय, मुलाला ताप आहे, कंबर धरलीय, सगळं योरिद न विचारता ओळखायची. सरावातही ती हेच करत आली होती तर. सरकत्या माशांतला मोजा तिच्या डोळ्यांना टिपताच येत नव्हता. मोजा पात्यांजवळ आला की तोरुनच्या कपाळावर काहीतरी हलत असणार. योरिद त्याचीच वाट बघायची आणि बटण दाबायची.

आताही ती वाट बघत होती.

मोजा जाड माशाआडून बाहेर आला. तोरुनला तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. भुवई जराशी उचलली असती तरी भागलं असतं. उद्यापासून त्या पट्ट्यावर खरे हात असणार होते आणि समोर तोरुन नसणार होती. तिने चेहरा कोरा ठेवला. भिंतीसारखा.

योरिद बघत राहिली. तिच्या ओठांवर आधी ओळखीचं हसू होतं. मग ते तसंच अडकून राहिलं.

पात्यांतून चर्रकन आवाज आला. निळे तुकडे आणि मासळी एकत्रच खालच्या टोपल्यात पडली. त्यानंतर योरिदने बटण दाबलं.

"घे," ती म्हणाली. "पाची गेली."

"योरिद, उशीर झाला."

"दिसलं मला. एवढी काही आंधळी नाही मी."

यंत्र थांबलेलं ऐकून स्टाइनार दारात आला. त्याने दोघींकडे पाहिलं, मग टोपल्याकडे. तो म्हणाला, की पलीकडच्या किनाऱ्यावर वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात बाई हवी आहे, त्याने बोलून ठेवलंय. जाण्यायेण्याचा बोटीचा पास कंपनी देईल. "आणि तिथे नाहीच जमलं तर परत ये. बघू आपण काहीतरी."

"बघता आलं असतं तर गेले असते कशाला?" योरिद म्हणाली.

स्टाइनार कानापर्यंत लाल झाला. मान हलवून तो निघून गेला.

कपडे बदलायच्या खोलीत क्लोरीनचा वास भरून राहिला होता. तोरुन बाकावर बसली. आता रडू येईल असं तिला वाटलं. ती थांबली. आलं नाही. समोरच्या खुंटीवर कुणाचा तरी पिवळा रेनकोट होता, त्याच्याकडे ती बघत राहिली.

"ए, झोपलीस का?" योरिद येऊन तिच्यासमोर पाठ करून उभी राहिली. "एप्रनची गाठ बसलीय. सोड जरा."

तोरुन उठली. नाडी भिजून घट्ट झाली होती. तिने दोन्ही हातांची बोटं गाठीत घातली. दिवसभर बर्फातले मासे हाताळून ती बधिर झाली होती. नाडी कुठे संपते आणि बोट कुठे सुरू होतं, कळत नव्हतं.

"सुटतेय का?" योरिदने न वळता विचारलं.

"माहीत नाही," तोरुन म्हणाली आणि ओढत राहिली.