न विझणारा अग्नी

भाकरीला उशीर झाला म्हणून आष्ट्याच्या शांतवननं बायकोवर रॉकेल ओतलं आणि काडी ओढली. इस्पितळात केळीच्या पानांवर निजवलेल्या एस्तेरनं जबाबात नवऱ्याचं नाव घेतलं. हाताची बोटं जळाली होती, म्हणून पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला.

"त्याला फाशी हुईल न्हवं?" तिनं विचारलं.

"होईल," उशाशी बसलेले चर्चचे पाळकसाहेब म्हणाले. "आणि पुढं नरक आहेच. शास्त्रात लिहिलंय, ती आग विझत नाही. तो सदासर्वकाळ जळत राहील."



"नुसती फाशीच हुंदे, पाळकसाहेब."

"दया येते त्याची?"

"त्या मुडद्याची कसली दया? लटकवा त्याला. पर ह्ये कायमचं नगं. मला जळून आज तिसराच दिस हाय."