मागची शिवण

दवाखान्यातून सकाळपासूनचा हा तिसरा फोन होता.

"खाट अकरापर्यंतच राखून ठेवता येईल, ताई," नर्स म्हणाली. "हिमोग्लोबिन साडेपाचवर आलंय. रक्त चढवायलाच हवं. चालताबोलता कोसळतील ते. आजच आणा."

बायकोने फोन ठेवला. टेलरमास्तरांनी सगळं ऐकलं होतं, पण ऐकू न आल्यासारखे ते मशीनवर वाकून बसले होते. ओठ कागदासारखे पांढरे. एक बाही जोडायला आताशा तीनदा थांबावं लागायचं. जखमांनी पोखरलेलं मोठं आतडं काढून चार महिने झाले होते. मळासाठी पोटावर लावलेली पिशवी नळ सुटल्यासारखी भरत होती. दुखणं गेलं असं डॉक्टर म्हणाले होते. दुखणं गेलं होतं खरं, पण जाताना मास्तरांनाही थोडं थोडं घेऊन चाललं होतं.

"निघायचं ना?" तिने विचारलं.

"कशाला? तीनदा फाडलं, तीनदा शिवलं. इतकी दुरुस्ती मी जुन्या कोटालाही करत नाही." आपल्याच विनोदावर मास्तर हसायला गेले आणि त्यांना धाप लागली.

"अहो, साडेपाच म्हणतायत."

"त्यांचं यंत्र म्हणतंय. माझं यंत्र हे." ते टेबलाला धरून उभे राहिले आणि पँटच्या कमरेत बोटं घातली. पिशवीमुळे पट्टा लावायची सोय नव्हती. "बघ, दोन बोटांची जागा. ऑपरेशनच्या आधी होती तेवढीच. खंगलो असतो तर पँट घोट्यात आली असती. माणसं खोटं बोलतात, कापड बोलत नाही."

बोटं दोन नव्हती. अख्खा पंजा आत गेला होता. तिला दिसलं, त्यांना दिसलं नाही.

दुकानातली काजं-बटणं आणि हातशिलाई बावीस वर्षं तिच्याकडे होती. ऑपरेशननंतर घरी आल्यावर पंधरा दिवसांनी पँट पहिल्यांदा घसरली, तेव्हा मास्तर ती एका हाताने धरून लहान मुलासारखे रडले होते. "संपलो गं मी," म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी ते अंघोळीला गेले आणि तिने दोन्ही पँटींची मागची शिवण अर्धा इंच आत घेतली. पँट घालून मास्तर आरशासमोर वळले. "अंग धरतंय वाटतं," म्हणाले आणि दोन घास जास्त जेवले. त्या दोन घासांपायी तिने नंतर आणखी तीनदा शिवण आत घेतली. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते.

"तसेच उभे राहा," ती म्हणाली. "मागे दोरा लोंबतोय."

तिने त्यांचीच छोटी कात्री उचलली. तिने टोक शिवणीत घातलं आणि कमरेपासून खालपर्यंत टाके उसवत नेले.

पँट सुटली. मास्तरांनी एका हाताने टेबल धरलं, दुसऱ्याने कापड. "अगं, वेड लागलं का तुला!"

"बघा ना. तुम्हीच बघा एकदा!" ती ओरडली आणि रडायलाच लागली.

मास्तर स्टुलावर बसले. पँट काढून त्यांनी मांडीवर उलटी केली, चष्मा लावला. कापडावर खडूच्या चार रेघा होत्या, एकीच्या आत एक. प्रत्येक रेघेवर सुईची भोकं होती. बाजूच्या आरशात त्यांचे उघडे पाय दिसत होते. गिऱ्हाइकाकडे बघावं तसं त्यांनी त्या पायांकडे बराच वेळ पाहिलं.

"टाके माझ्यासारखे घातलेस."

"तुम्हीच शिकवलंत," ती हुंदके देत म्हणाली. "मागची शिवण पँट घालणाऱ्याला कधी दिसत नाही म्हणून."

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा होत आले होते.

"दुसरी पँट आण."

"तीही आत घेतलीय."

"हं." त्यांनी गळ्यातली टेप काढून तिच्या हातात दिली आणि दोन्ही हात वर केले. "घे माप. अकराच्या आत पोचायचंय."

तिने टेप कमरेभोवती फिरवली. आकड्यावर बोट ठेवलं. मास्तरांनी मान वाकवून तो स्वतःच वाचला. मग पँट टेबलावर पसरली आणि खडू उचलला.

ती मशीनवर बसली. पाचव्यांदा तीच शिवण आत घ्यायला लागली. या वेळची रेघ मास्तरांनी ओढली होती. ती वाकडी आली होती, आणि तिच्या शेवटच्या रेघेच्या इंचभर आत होती.