शिमग्यानंतर बघू

१९९६ साली शिवाजी पेठेतल्या एका नर्सिंग होममध्ये शिवलीलाच्या आईच्या मधुमेहानं बधिर झालेल्या उजव्या पायाला नर्स गरम पाण्याची पिशवी लावून गेली, ती विसरलीच. पाय भाजला, सडला, कापावा लागला. शिवलीला कोर्टात निघाली, तर तालमीचे वस्ताद म्हणाले, “पोरी, पेठेतलं भांडण तालमीतच मिटतंय. डॉक्टर आपलाच हाय, बोलावतो की.” डॉक्टर यायचे, चहा प्यायचे, “भरपाईचं शिमग्यानंतर बघू” म्हणायचे. तीन शिमगे गेले, तेव्हा कुठं तिनं वकिलांच्या टेबलावर आईची कोरी उजवी चप्पल ठेवली. वकील म्हणाले, “ताई, ग्राहक मंचाची मुदत दोन वर्षांची. उशिराला सबळ कारण लागतं. तालमीत बसलो हुतो, हे चालत नाही.” आई गेली, वस्ताद गेले. डॉक्टरांनी दवाखान्यावर मजला चढवला. कुणी भांडण घेऊन तालमीकडे निघालं, की शिवलीला आधी ते घडल्याची तारीख विचारते.