अर्धा गल्ला

बहिरमच्या जत्रेतल्या तंबूत श्रावण गुडघ्यांवर बसला, हात जोडले आणि बारीक आवाजात म्हणाला, "बापू, मले मारू नका! पाहिजे तं बायकोचे डागिने घेऊन जा!"

लोक पोट धरून हसले.

सजा भोगून आलेला दरोडेखोर आपल्याच दरोड्याची हकिकत सांगतो, ही त्या वर्षीची नवलाई होती. तिकीट चार आणे. मागे बसलेली मनकर्णाबाई हसली नाही. श्रावण जी नक्कल करत होता ती तिच्या नवऱ्याची, शालिकरामची होती. दरोड्यात तो मेला होता. कुऱ्हाड चालवणारा फाशी गेला, टोळीतला श्रावण दहा वर्षांनी सुटला.

खेळ अर्धा टाकून ती जत्रेतल्या पोलीस चौकीवर गेली.

"साहेब, माणूस माहा मेला अन् कमाई हा करून राहिला. मले हिस्सा पाहिजे. घरावर टिना नाईत माह्या."

केशवराव फौजदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "बाई, कायद्यात तशी सोय नाही. त्यानं सजा भोगली. आता तोंडानं मिळवतो, ते त्याचं." मग शिपायाकडे वळून म्हणाले, "पण खेळ संपला की आण त्याला."

श्रावण आला. बाईला पाहताच त्याची मान खाली गेली. फौजदारांनी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "अर्धा गल्ला मावशीचा. जत्रा उठेपर्यंत, रोज."

"झालं तर! महिन्याभरात घर झाकलं जाईल, बाई."

मनकर्णाबाई जागची हलली नाही.

"माह्या पोरीचे बाबा रडले नव्हते," ती श्रावणला म्हणाली. "मुसळ घेऊन दारात उभे होते. तुनं पायलं होतं ना?"

"पायलं होतं."

"मंग कावून असं सांगतं?"

"पहिल्या दिवशी खरंच सांगतलं, मावशी. दहा-बारा माणसं आली. त्यायले रडतानी दाखवलं तवा तंबू भरला. हसणं काढलं तं गल्ला बसते. माहाबी अन् तुहाबी."

बाहेर पाळणेवाला गिऱ्हाइकांना हाका मारत होता. बाईनं तिकडे एकदा पाहिलं.

"खरं सांगतलं तं टिना किती येतीन मंग?"

"दोन. लय झाल्या तं तीन."

"येऊ दे."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला चौदा माणसं होती. श्रावण गुडघ्यांवर बसला नाही. पाय रोवून ताठ उभा राहिला.

"शालिकरामजी असे उभे होते," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेत मनकर्णाबाईनं चटकन डोक्यावरचा पदर सारखा केला, धनी घरात आले की करायची तसा.