पलीकडचा वाफा

पुलाच्या मधोमध राज्याची पाटी आली, तशी टेसाने हात लांब करून बापाच्या पुढ्यातला हॉर्न दाबला. हद्द ओलांडली की हॉर्न वाजवायचा, हा त्यांच्या घरातला तिच्या लहानपणापासूनचा रिवाज होता. गेलं वर्षभर तो बंद पडला होता. आज ग्लेन हसला. पिकअपच्या मागे रिकामी खोकी होती, दोर होता. पुढे, बापलेकींच्या मधल्या सीटवर, ओल्या फडक्यात गुंडाळलेली ॲस्परॅगसच्या भाजीच्या कोंबांची जुडी होती. टेसाच्या आईला, डार्लाला, घरी आणायला ते निघाले होते.

टेसाला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी तिला हवं होतं ते विद्यापीठ मिसिसिपीच्या पलीकडे, आयोवात. सरकारीच, पण ते स्वस्त आयोवातल्या पोरांना. बाहेरच्यांना तेच वर्ग, तेच मास्तर आणि फी जवळजवळ तिप्पट. ग्लेनची जमीन इलिनॉयमध्ये. बापजाद्यांचं शेत काही उचलून नदीपार नेता येत नाही, इथल्याच कॉलेजात जा, असं त्याने सांगून टाकलं. टेसा दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मग डार्लानेच तोड काढली. आईबापांपैकी एक जण वर्षभर तिकडे खरोखर राहिला, कमावता झाला, कर भरू लागला, की मुलगी तिकडची धरतात. "मी जाते," ती म्हणाली होती. "वर्षाचा तर प्रश्न आहे."

ती गेली. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली, दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं. आधी दर रविवारी यायची. मग हिवाळ्यात पुलावर बर्फ साचू लागला, पुढे तिच्या कामाच्या पाळ्या बदलल्या. ग्लेन अंडी तळायला शिकला. धान्याच्या कोठारापाशी शेजारी चेष्टा करायचे, "ग्लेन, सांभाळ. परराज्यातली बायको तिप्पट महाग पडते." तोही हसायचा. रात्री मात्र त्याला ते आठवायचं.

गेल्या आठवड्यात विद्यापीठाने टेसाला आयोवाची म्हणून मान्य केलं. आज मेची पहिली तारीख, प्रवेशाला होकार कळवायचा शेवटचा दिवस. शाळेत आज सगळी पोरं आपापल्या कॉलेजचे शर्ट घालून आली होती. टेसाच्या अंगात लाल शर्ट होता, तिच्या मापापेक्षा मोठा. होकाराचं बटण मात्र तिने अजून दाबलं नव्हतं. ते आईसमोर दाबायचं होतं.

वाटेत ग्लेन जुडीकडे बोट दाखवून घरच्या वाफ्याची गोष्ट सांगत होता. टेसाने ती दहादा ऐकली होती. लग्न होऊन आली त्याच वसंतात डार्लाने तो लावला. दुसऱ्या वर्षी ग्लेन सुरी घेऊन गेला, तर तिने त्याचं मनगट धरलं. पहिली दोन वर्षं कोंब कापायचे नसतात, मुळं धरू द्यायची असतात. मग वीस वर्षं खा. "कुठे राहायचं ते पक्कं ठरलं असेल तरच ही भाजी लावावी, असं म्हणाली मला," ग्लेन म्हणाला. तेव्हा त्याला केवढं बरं वाटलं होतं.

डार्लाने दार उघडलं. टेसाला तिने घट्ट मिठी मारली, जुडी हातात घेतली, कॉफी टाकली. खोकी तिने पाहिली. घरात काहीच बांधलेलं नव्हतं. गाडी मागच्या बाजूला लावता येईल का, हे बघायला ग्लेन परसात गेला आणि बराच वेळ आला नाही, म्हणून त्या दोघी बाहेर आल्या.

कुंपणालगत एक लांब वाफा केलेला होता. ताजी काळी माती, कडेला फळ्या ठोकलेल्या, आणि मातीतून काडीसारखे बारीक कोंब नुकते वर आलेले. शेतकऱ्याच्या पोरीला ते काय आहे हे सांगावं लागलं नाही. टेसाने हातातला फोन खिशात टाकला.

"मी नाही येत इकडे," ती म्हणाली. "मी आपल्याकडच्याच कॉलेजात जाते. मॉम, तू चल घरी."

डार्लाने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "दाब ते बटण. आले ते तुझ्यासाठी आले. राहतेय ती माझ्यासाठी."

"कोण आहे इथे?" ग्लेनने विचारलं. तो वाफ्याकडेच बघत होता.

"कुणी नाही, ग्लेन. तेच मला बरं वाटतंय."

टेसाने फोन काढला. डोळ्यांतल्या पाण्याने अक्षरं दिसत नव्हती, तरी तिने बटण दाबलं. पडद्यावर अभिनंदन आलं.

ग्लेन गुडघ्यावर बसला. एका कोंबाच्या बुडाशी माती उघडी पडली होती, ती त्याने अंगठ्याने नीट दाबली. मग हात झटकत तो उठला.

"पहिली दोन वर्षं कापू नकोस," तो म्हणाला.