वासाची गोळी

हे खानावळीत आचारी. शिडीवरून पडून डोक्याला मार बसला, तेव्हापासून घेरी यायची, भांडं वाजलं तरी छाती धडधडायची. मुलीने चहा बंद करून अक्रोड आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या सुरू केल्या. गोळी घेताना हे रोज नाक मुरडत, “शी! मासळीबाजार भरला तोंडात!” मला धीर येई, नाक तरी शाबूत आहे. कारण सकाळी खानावळ उघडून, गॅस सुटलाय का हुंगून शेगडी हेच पेटवत. पडल्यानंतर आज पहिल्यांदाच कामावर निघाले. मी गोळी दिली. “शी! आज जास्तच वास मारतेय!” मी रिकामी बाटली दाखवली. “अहो, माशाच्या संपल्या. ही जवसाची आहे.” हे मटकन बसले. “कशाचाच वास येत नाही गं. मालकाला सांगू नकोस.” मी हात पुढे केला. त्यांनी खिशातली काडेपेटी तळहातावर ठेवली, पण बोटं सुटेनात.