कपाटाची मागची फळी

शाळेतल्या जादूच्या प्रयोगासाठी सरांनी विज्ञानाचं कपाट निवडलं, कारण त्यातलं साहित्य कुठल्याही मंत्राशिवाय आधीच गायब झालेलं होतं. मागची फळी सरकवून पडद्याआड जायचं आणि टाळ्या झाल्या की परत आत शिरून पुढच्या दारानं बाहेर यायचं, एवढंच सातवीतल्या दैवशालाचं काम.

पहिल्या रांगेत तिची आई, तुळजाबाई. "गायब हो, पण जल्दी ये गं माय!" ती ओरडली. सगळे हसले.

दैवशाला पडद्याआड गेली. सरांनी रिकामं कपाट दाखवलं, टाळ्या पडल्या, सरांनी दार लावलं. ती परत शिरायला वळली, तर फळी आतून कुणीतरी घट्ट धरलेली.

पलीकडं दार करकरलं. पुन्हा टाळ्या.

तिनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. तिच्याच वेण्या, तिचाच गणवेश. तुळजाबाई कौतुकानं मंचावर चढली, त्या पोरीच्या गालांवरून हात फिरवून तिनं स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. एकही वाजलं नाही.

"आये, मी इथंय!"

तुळजाबाईनं पडद्याकडं रोखून पाहिलं. मग त्या पोरीला पदराखाली घेतलं.

"चल जल्दी," ती हळूच म्हणाली. "तिकडं बघू नको. ओ देऊ नको."